लाल ठिपका म्हणजे झोपलेला माणूस : ट्रकचालकांच्या कामाच्या तासांबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
मा. केंद्रीय कामगार व रोजगार मंत्री,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र आणि कर्नाटक

स. न. वि. वि.

मी कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करते. बिल्ट्या (मालासोबत जाणाऱ्या पावत्या), ई-वे बिलं (माल नेण्याचे सरकारी ऑनलाइन कागद), हिशेब आणि निघालेल्या गाड्यांचा पाठपुरावा, हे सगळं माझ्याकडे असतं. माझे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, सत्तावीस वर्षं ट्रकवर होते. मूळचे जत तालुक्यातले. शेवटची अकरा वर्षं त्यांची लाइन एकच, न्हावाशेवा बंदर ते बंगळूर. हे पत्र मी त्यांच्या आठ टोल पावत्या समोर ठेवून लिहिते आहे.

पावत्या फेब्रुवारी २०१९ मधल्या आहेत. फास्टॅग सक्तीचा व्हायला अजून दोन वर्षं होती, म्हणून प्रत्येक नाक्यावर कागद मिळायचा आणि अण्णा तो रबर लावून पिशवीत ठेवायचे, कारण पावती हरवली की पैसे भत्त्यातून कापले जायचे. अपघातानंतर केबिनमधून ती पिशवी आमच्या हाती आली. आत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी होती आणि या पावत्या. खालापूर, रात्री ८:५२. खेड शिवापूर, ११:४८. आनेवाडी, १:३१. तासवडे, २:४४. किणी, ४:०३. मग कागलला राज्याच्या हद्दीवर कागदपत्रं दाखवण्यात वेळ गेला, म्हणून कोगनोळी ५:४१. हत्तरगी ६:५२. हिरेबागेवाडी ८:२४. त्यापुढची पावती नाही. नऊच्या सुमाराला कित्तूरच्या अलीकडे त्यांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या टँकरवर मागून गेली. टँकरमध्ये कोणी नव्हतं. अण्णांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पावत्या रात्री पावणेनऊला सुरू होतात, पण अण्णांचा दिवस सकाळी सातला सुरू झाला होता. साडेआठला ते बंदराच्या कंटेनर यार्डाच्या रांगेत लागले. कंटेनर गाडीवर चढायला संध्याकाळचे पावणेसात वाजले. त्या रांगेत झोपता येत नाही, हे रांगेत न बसलेल्या माणसाला पटत नाही. रांग दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते, आणि ज्याचा डोळा लागला त्याच्यापुढे मागची गाडी घुसते. म्हणजे दहा तास स्टिअरिंगवर हात ठेवून, थोड्या थोड्या वेळानं इंजिन चालू करत बसायचं. त्यानंतर सव्वासातला निघून पावणेचौदा तास गाडी चालवायची. डोळा लागला तेव्हा ते सव्वीस तास जागे होते.

गुन्हा कर्नाटकात नोंदला गेला. कागद कानडीत. माझ्या चुलत्यांना आणि मला त्यातलं अक्षर वाचता येईना, म्हणून निपाणीतल्या ओळखीच्या एका शिक्षकांना फोटो पाठवले. त्यांनी फोनवर एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. त्यातले दोन शब्द मात्र मी न सांगताच ओळखले, ‘अतिवेग’ आणि ‘अजागरूकता’. आपल्याकडच्या फिर्यादीत ‘हयगयीने व अविचाराने भरधाव वेगात’ असं लिहितात, तिकडे हे दोन शब्द लिहितात. अजागरूकता म्हणजे निष्काळजीपणा, पण शब्दशः जागं नसणं. सव्वीस तास जागा ठेवलेल्या माणसावर जागं नसल्याचा ठपका. त्याला किती तास जागं ठेवलं होतं, कोणी ठेवलं होतं, हे विचारायला त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. तिथल्या हवालदाराचीही यात चूक नाही. त्याच्या हद्दीत अण्णा फक्त शेवटचे साडेतीन तास होते. आधीचे साडेबावीस तास महाराष्ट्रात घडले होते, आणि ते हद्द ओलांडून त्यांच्यासोबत गेलेच नाहीत.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येतं. कंटेनरचं सील हद्द ओलांडतं. ई-वे बिल ओलांडतं, नॅशनल परमिट ओलांडतं, मालाचं वजन काट्याच्या पावतीवर ओलांडतं. ड्रायव्हरचे तास तेवढे अलीकडेच राहतात आणि कागलच्या पलीकडे त्याचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. खरं तर शून्यापासूनही नाही. तो सुरूच होत नाही.

कायदा नाही असं नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर परवानगी घेऊन फार तर १० आणि ५४. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि एक दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास सुटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नं हेच तास व्यावसायिक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू केले. मी बारा वर्षं या धंद्यात आहे, शेकडो ड्रायव्हरांचे हिशेब केलेत. त्यातल्या एकालाही ५४ हा आकडा माहीत नव्हता. मलाही नव्हता. तो मी अण्णांच्या केससाठी वकिलांकडे बसले होते तेव्हा पहिल्यांदा वाचला.

आणि वाचताना जे सापडलं त्यानं झोप उडाली. कायद्यात ‘कामाचे तास’ म्हणजे काय याची व्याख्या आहे. गाडी चालवण्याचा वेळ कामात धरलाय. चालवण्याला जोडून येणारी किरकोळ कामं धरली आहेत. आणि गाडीपाशी नुसतं हजर राहण्याचा वेळही धरलाय, पण किती? टर्मिनलवरची पंधरा मिनिटांपेक्षा कमी हजेरी. अण्णांच्या यार्डातल्या दहा तासांचं काय झालं ते यावरून समजेल. पंधरा मिनिटांपेक्षा कमी थांबले असते तर वाद तरी घालता आला असता. दहा तास थांबले म्हणून ते काम धरलं जाईल याची खात्री नाही. त्यावर कलम ९१ मध्ये आणखी एक पोटकलम आहे. गाडीवर किंवा गाडीजवळ थांबणं भाग असलेला ड्रायव्हरचा वेळ कोणत्या परिस्थितीत ‘विश्रांती’ मानायचा, हे ठरवण्याची मुभा राज्य सरकारला दिली आहे. बसचा ड्रायव्हर डेपोत चहाला थांबतो, त्याचा विचार करून हे कधीतरी लिहिलं गेलं असावं असं मला वाटतं. बंदराच्या रांगेला ते लावलं तर दहा तास स्टिअरिंगवर बसलेला माणूस कागदोपत्री दहा तास आराम करून ताजातवाना निघाला, असा अर्थ होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यातल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेत गेला. ही चूक दुरुस्त करायची संधी होती. पण पंधरा मिनिटांची ती व्याख्या शब्दशः तिथंही आली आहे. उलट एक गोष्ट मागे गेली. जुना कायदा पाच कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता, नव्या संहितेत ती मर्यादा दहा झाली. मा. कामगार मंत्री महोदय, आमच्या स्टील मार्केटच्या रस्त्यावर सकाळी उभ्या असलेल्या गाड्यांचे मालक विचारून पाहा. एक गाडी, दोन गाड्या, फार तर चार. बंगळूरला जाणाऱ्या मालाची भाडी मोठ्या कंपनीशी ठरतात, पण गाडी निघते ती या दोन गाड्यांवाल्याची. दहाची अट म्हणजे ज्यांना या नियमाची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच बाहेर.

रस्ते वाहतूक मंत्र्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे म्हटलं होतं की विमानाच्या पायलटप्रमाणे ट्रक ड्रायव्हरांचेही तास ठरले पाहिजेत आणि केबिनमध्ये झोप ओळखणारा सेन्सर हवा. त्या दिवशी मी ती बातमी अण्णांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “झोप आली हे ड्रायव्हरला कळतंच गं. थांबायचं कुठं आणि थांबू कोण देणार, ते सांगा म्हणावं.” एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केंद्राला बजावलं की सगळ्या राज्यांना बोलावून हे तास प्रत्यक्षात पाळले जातील अशी व्यवस्था करा. म्हणजे कायदा आहे, मंत्र्यांना पटलंय, न्यायालयानं सांगितलंय. तरी आज रात्री आमच्या ऑफिसातून ज्या गाड्या निघतील त्यांच्यात फरक पडणार नाही.

‘थांबू कोण देणार’ याचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते थांबू न देण्याचं काम अनेक वर्षं मीच केलं आहे. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक गाडीचा ठिपका असतो. चालती गाडी हिरवी, थांबलेली लाल. ठिपका चाळीस मिनिटांपेक्षा जास्त लाल दिसला की फोन करायचा, अशी मला सूचना होती. रात्री दीडला, तीनला, पहाटे साडेचारला मी फोन केले आहेत. “दादा, गाडी कुठं? का थांबलाय?” पलीकडून झोपेत जड झालेला आवाज यायचा, “निघतोय ताई, तोंड धुतोय.” लाल ठिपका हा बिघाड असतो असंच मी धरून चालले होते. तो झोपलेला माणूस असतो हे मला कित्तूरनंतर कळलं. आता मी रात्री अकरा ते पाच फोन करत नाही. त्यावरून ऑफिसात दोनदा बोलणी खाल्ली आहेत, आणि पुढेही खाईन.

घाई नेमकी कोणाची, तेही सांगते. लोक म्हणतात, सरकारी कागदाची मुदत संपते म्हणून गाड्या पळतात. तसं नाही. ई-वे बिलाला आज २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. न्हावाशेवा ते बंगळूर साधारण हजार किलोमीटर, म्हणजे पाच दिवस. २०१९ मध्ये तर १०० किलोमीटरला एक दिवस होता, अण्णांकडे दहा दिवसांची मुदत होती. सरकारनं दहा दिवस दिले होते. माल पाठवणाऱ्यानं छत्तीस तास दिले होते, आणि उशीर झाला तर दर दिवसामागे भाड्यातून कपात. ती कपात ट्रान्सपोर्टर मालकाच्या अंगावर टाकतो आणि मालक ड्रायव्हरच्या. यार्डात वाया गेलेले दहा तास मात्र कोणी कोणाच्या बिलातून कापत नाही. ते तेवढे ड्रायव्हरनं रात्रीतून भरून काढायचे.

युरोपात हा प्रश्न आपल्यापेक्षा अवघड असायला हवा होता, कारण तिकडे ट्रक एका दिवसात दोन-तीन देश ओलांडतो. त्यांनी तास गाडीला न बांधता माणसाला बांधले. २००६ च्या नियमानुसार दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच १०; साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबणं सक्तीचं. प्रत्येक ड्रायव्हरकडे स्वतःच्या नावाचं कार्ड असतं. ते टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात घातलं की त्याचे तास त्यावर उतरतात, मग तो गाडी बदलो, मालक बदलो, देश बदलो. २०२३ पासून नव्या गाड्यांत बसणारी यंत्रं हद्द कधी ओलांडली हेही आपोआप नोंदवतात. रस्त्यात कोणत्याही देशाच्या पोलिसानं अडवलं तर मागच्या ५६ दिवसांचा हिशेब दाखवावा लागतो. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, पाळताच येणार नाही असं वेळापत्रक ड्रायव्हरला दिलं तर जबाबदारी कंपनीवरही येते, आणि माल पाठवणाऱ्यानंही वेळ ठरवताना हे तास धरले पाहिजेत असं नियमातच लिहिलं आहे. तिकडेही चोऱ्या होतात, कार्ड बदलून गाड्या चालवतात, हे मला माहीत आहे. पण चोरी पकडायला आधी मोजमाप तर असावं लागतं.

आपल्याकडे यंत्र बसवण्याचीही फारशी वाट बघायला नको. अण्णांच्या आठ पावत्यांवरून मी त्यांची अख्खी रात्र मांडू शकले. आज त्याच आठ नाक्यांवर फास्टॅग आहे आणि प्रत्येक नाक्याची मिनिटासकट नोंद सरकारकडे आहे. हिरेबागेवाडीच्या नाक्याला हे कळू शकतं की ही गाडी खालापूरहून निघाल्यापासून झोपण्याएवढा वेळ कुठं उभी राहिलेली नाही. फक्त त्या नोंदीशेजारी ड्रायव्हरच्या लायसन्सचा नंबर नाही. ई-वे बिलावर गाडीचा नंबर सक्तीचा आहे, तसा चालवणाऱ्याच्या लायसन्सचा नंबर सक्तीचा करा. वाटेत ड्रायव्हर बदलला तर गाडी बदलल्यावर करतो तशीच नोंद करता येईल. यार्डाच्या, गोदामाच्या, कारखान्याच्या गेटवर आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ बिल्टीवर छापून द्या. एवढं झालं तरी तास हद्दीपाशी अडकणार नाहीत. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या आयुक्तांना तर यासाठी दिल्लीकडे बघायचीही गरज नाही. तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला लावण्याचे अधिकार कलम ९१ नं राज्यांनाच दिलेले आहेत. दोन राज्यांनी एका रस्त्यावर सुरुवात करावी. कळंबोली ते बंगळूर हा रस्ता त्यासाठी घ्यावा, ही माझी विनंती आहे.

याला विरोध होणार, आणि पहिला विरोध ड्रायव्हरांचाच होईल, हे मी लपवत नाही. माझ्या टेबलापुढे उभं राहून कितीतरी जणांनी सांगितलंय, “ताई, तास कमी केले तर फेऱ्या कमी होतील, फेऱ्या कमी झाल्या तर घरी काय पाठवू?” त्यांचं बरोबर आहे. पगार नावापुरता आणि कमाई फेऱ्यांवर, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. महिन्यात पाच फेऱ्या झाल्या तर घर चालतं, चार झाल्या तर उसनवारी. अशा माणसाला नुसतं ‘दहा तासांनी थांब’ सांगणं म्हणजे त्याच्याच खिशातून सुरक्षा विकत घेणं. म्हणून तास मोजताना थांबण्याचे पैसेही मोजा. गेटवर ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबवलं तर त्या प्रत्येक तासाचा मोबदला माल पाठवणाऱ्यानं द्यायचा, आणि तो मालकाच्या खात्यात न जाता ड्रायव्हरच्या खात्यात जमा व्हायचा. हा दर लागू झाला की यार्डातली रांग कशी भराभर हलते ते बघा. आज ती हलत नाही, कारण आमच्या माणसाचा वेळ फुकट आहे.

दोन गाड्यांच्या मालकांचंही ऐकावं लागेल. दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर भाड्यात तेवढी जागा उरत नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांची वही मी पाहिली आहे, ते खोटं बोलत नाहीत. हप्ता, डिझेल, टोल, टायर आणि वाटेतली ‘एंट्री’ म्हणजे चिरीमिरी जाऊन हातात फार थोडं राहतं. क्लीनर तर बहुतेक गाड्यांवरून केव्हाच उतरला, त्यामुळे रात्री शेजारी बोलायलाही कोणी नसतं. मग भाडं वाढेल. माल एक दिवस उशिरा पोहोचेल. अण्णांच्या कंटेनरमध्ये टाइल्स होत्या त्या दिवशी. त्या एक दिवस उशिरा पोहोचल्या असत्या तर कोणाचंही काही बिघडलं नसतं.

झोपायच्या जागेबद्दल थोडं. पेट्रोल पंपांवर ड्रायव्हरांच्या मुक्कामासाठी ‘अपना घर’ सुरू झालं, हायवेवर एक हजार विश्रामगृहं बांधण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. हे सगळं मला मनापासून चांगलं वाटतं. पण ड्रायव्हर गाडी सोडून पलंगावर झोपायला गेला आणि रात्रीत डिझेल किंवा माल गेला, तर भरपाई त्याच्याकडून होते. म्हणून तो पलंग रिकामा राहतो आणि माणूस स्टिअरिंगमागे गुडघे दुमडून झोपतो. पार्किंगला राखणदार आणि कॅमेरा असेल, आणि तिथं उभ्या असलेल्या मालाची जबाबदारी ड्रायव्हरवर नाही असं लिहून मिळेल, तरच पलंगाचा उपयोग. दुसरं असं की गणपतीत मुंबई-गोवा रस्त्यावर अवजड गाड्या बंद होतात, शहरांत गर्दीच्या वेळी नो-एंट्री असते. गाड्या अडवा, गरज असते. पण अडवलेल्या गाडीतला माणूस त्या वेळेत कुठं झोपेल याची सोय त्याच आदेशात असली पाहिजे. आज तो दिवसभर रस्त्याच्या कडेला उन्हात ताटकळतो आणि रात्री रस्ता मोकळा झाला की निघतो.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्या अहवालात नियमभंगाचे प्रकार दिलेले असतात : अतिवेग, दारू किंवा नशा, उलट्या बाजूनं चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल, आणि इतर. थकवा कुठं नाही. अण्णा २०१९ च्या आकड्यांत ‘अतिवेग’ या रकान्यात बसले असणार, कारण पोलिसांच्या कागदावर तेच आहे. पावत्यांचा हिशेब मांडला तर हत्तरगी ते हिरेबागेवाडी त्यांचा सरासरी वेग ताशी पन्नासच्याही आत येतो.

तिथल्या कोर्टात तीन वर्षं तारखा झाल्या. कुबड्या घेऊन जत-मिरज-बेळगाव एसटी बदलत ते जायचे. शेवटी वकिलांनी सुचवलं, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. अण्णांनी कबूल केला. परतताना गाडीत मी विचारलं, खरं काय ते का नाही सांगितलं? ते म्हणाले, “न्यायाधीशांनी विचारलं, झोप लागली होती का. मी म्हटलं, हो. किती तास जागा होतास, ते त्यांनी विचारलं नाही.”

नव्या संहितेत थांबण्याच्या वेळेबद्दलच्या काही गोष्टी केंद्राच्या नियमांवर सोडल्या आहेत. गाडी किती वेळ थांबली आणि ड्रायव्हर तेव्हा खरोखर मोकळा होता का, हे नियमांनीच ठरायचं आहे. ते नियम करताना न्हावाशेव्याच्या रांगेत एक पूर्ण दिवस कोणीतरी अधिकारी बसवावा. केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. सोबतीला मी येईन. आठ पावत्याही घेऊन येईन. शाई उडत चालली आहे, पण वेळा अजून वाचता येतात.

कळावे,

आपली,
कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातली एक हिशेबनीस,
एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी